करंट लावण्याआधी आणि नंतर

सकाळी ७.४५

इचलकरंजीत दिवस मागांच्या आवाजातच उजाडतो. गल्लीतल्या कारखान्यांची रात्रपाळी सुटायला आलेली असते, तेव्हा मी माझ्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात पॅड तपासत असते. हे पॅड कार्बन मिसळलेल्या काळ्या रबराचे असतात. रबर जुनं झालं की कडक होतं आणि त्याला बारीक भेगा पडतात. मग करंट पॅडभर सारखा पसरत नाही, एखाद्या ठिपक्यावर गोळा होतो आणि त्वचा तिथेच पोळते. म्हणून कडक झालेला पॅड मी लगेच बाजूला काढते. स्पंज धुऊन ओले करायचे, वायर टोकाशी तुटलेली नाही ना ते बघायचं, सगळ्या यंत्रांचे नॉब शून्यावर आणायचे. शेक देणारं शॉर्टवेव्हचं यंत्र मी मुद्दाम पलीकडच्या खोलीत ठेवलं आहे, कारण ते चालू असताना जवळच्या स्टिम्युलेटरच्या करंटमध्ये अचानक चढउतार होऊ शकतात. शेवटी प्रत्येक यंत्राचा करंट स्वतःच्या हातावर घेऊन बघते. जे मी घेतलं नाही ते पेशंटला द्यायचं नाही, हा या खोलीचा नियम आहे.

सकाळी ८.१५

पहिले पेशंट रात्रपाळी संपवून थेट आलेले मागवाले मामा. बारा तास उभं राहायचं, मागांमधल्या अरुंद वाटेतून फेऱ्या मारायच्या, वाकून तुटलेला धागा जोडायचा, असं वर्षानुवर्षं चाललेलं. कंबर धरली आहे आणि चप्पल घालायलाही खाली वाकता येत नाही.

ते पालथे झोपतात आणि विचारतात, "मॅडम, मशीन लावताय न्हवं?" लावणार आहे, पण आधी प्रश्न. छातीत पेसमेकर आहे का? लघवी-संडासवरचा ताबा कमी झालाय का? जांघेत बधिरपणा? पायातली ताकद उतरली आहे का? ताप येतो का, वजन उतरलंय का? मग कापूस आणि बोथट टोक लावून कंबरेची संवेदना तपासते. जिथे स्पर्श कळत नाही तिथे करंट किती झाला हेही कळणार नाही, आणि तिथे पॅड लावणं म्हणजे भाजण्याची वाट बघणं.

सगळं ठीक निघालं की आयएफटीचे चार पॅड दुखऱ्या जागेभोवती फुलीसारखे लावते. एका जोडीतून ४००० हर्ट्झचा प्रवाह जातो, दुसऱ्या जोडीतून ४१०० हर्ट्झचा. एवढ्या वेगाच्या प्रवाहाला त्वचा कमी अडवते. दोन्ही प्रवाह आत जिथे एकमेकांना छेदतात तिथे त्यांच्या फरकाची, म्हणजे १०० हर्ट्झची लय तयार होते आणि नसांना ती जाणवते. ऑस्ट्रियातल्या हान्स नेमेक यांनी १९५०च्या दशकात ही पद्धत पुढे आणली. आज महाराष्ट्रात लहान गावातल्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यातही हे यंत्र दिसतं.

पाच मिनिटांत मामा म्हणतात, "जरा वाढवा की. काय जाणवंना." त्यांचं म्हणणं खरं आहे. नसांना सवय होते आणि मुंग्या फिक्या पडतात, म्हणून थोडा वाढवते. पण कण्हायला लावणारा करंट जास्त गुणकारी असतो हा समज इथे फार पक्का आहे आणि तो मला रोज मोडावा लागतो. मुंग्या जोरकस वाटाव्यात, पण सहज सोसाव्यात. त्यापुढे गेलं की माणूस अंग आकसून घेतो आणि ज्या स्नायूंना सैल करायचं तेच ताठरतात.

वीस मिनिटांनी पॅड काढते आणि मामांना उठू देत नाही. माझ्या दृष्टीने उपचार इथून सुरू होतो. दुखणं कमी झालेल्या या वेळात गुडघे पोटाशी घ्यायला लावते, मग कंबर उचलायला, मग उभं राहून कंबरेऐवजी मांड्यांतून वाकायला. कारखान्यात धागा जोडताना असंच वाकायचं आहे, हे तिथल्या तिथे करून घेते. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०१६ साली कंबरदुखीची मार्गदर्शिका काढली. तिच्यात टेन्स, म्हणजे छोट्या यंत्राने त्वचेवरून नसांना दिलेला सौम्य करंट, आणि आयएफटी देऊ नका असं स्पष्ट म्हटलं आहे आणि भर व्यायामावर दिला आहे. दुसरीकडे २०२२ मध्ये बीएमजे ओपन या नियतकालिकात टेन्सच्या ३८१ चाचण्यांचा एकत्र आढावा आला. टेन्स चालू असताना आणि संपल्यावर लगेच वेदना खोट्या टेन्सपेक्षा कमी असते, असा त्याचा निष्कर्ष. मला या दोन्हींतून एकच दिशा दिसते. आराम खरा आहे, पण तो थोड्या वेळाचा आहे. नुसतं मशीन लावून माणसाला घरी धाडलं तर तो आराम वाटेतच संपतो. ज्याला दुखण्यामुळे हालचाल सुरूच करता येत नाही, त्याला सुरुवातीच्या दिवसांत करंट द्यायचा आणि मिळालेली उसंत लगेच कामाला लावायची.

सकाळी १०.००

गुडघा बदललेल्या आजी. ऑपरेशन चांगलं झालं आहे, टाके सुकले आहेत, तरी पाय सरळ ठेवून उचलता येत नाही. मांडीच्या पुढचा स्नायू जागेवर आहे, नसही शाबूत आहे. पण सुजलेल्या, दुखऱ्या सांध्याकडून येणाऱ्या संदेशांमुळे मज्जासंस्था त्या स्नायूला पूर्ण ताकद लावू देत नाही. अशा वेळी बाहेरून दिलेली विद्युत उत्तेजना त्या स्नायूच्या नसेला थेट चेतवते.

गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी, मांडीवर दोन मोठे पॅड. आजींच्या सुनेला काळजी वाटते, "आत धातू बसवलाय. करंट चालंल का?" तिने विचारलं ते फार बरं झालं. शॉर्टवेव्हचा शेक असता तर मी नाही म्हटलं असतं, कारण धातूपाशी उष्णता एकवटते. एकाच दिशेने सतत वाहणारा करंटही तिथे टाळते. पण स्नायूसाठी वापरतो तो दोन्ही दिशांना उलटसुलट जाणारा, अगदी छोट्या स्पंदनांचा करंट असतो आणि त्याने सांधा तापत नाही.

दहा सेकंद करंट, पन्नास सेकंद विश्रांती. हे प्रमाण सोव्हिएत संशोधक याकोव्ह कोट्स यांच्या १९७०च्या दशकातल्या कामातून आलं. त्यांनी २५०० हर्ट्झचा प्रवाह वापरला, म्हणून त्याला रशियन करंट म्हणतात. विश्रांती एवढी लांब का, असं आजींना वाटतं. करंटने आवळलेला स्नायू नेहमीपेक्षा लवकर दमतो, हे त्याचं कारण. आजींना मी प्रत्येक वेळी सांगते, "आता मशीन ओढतंय, तुम्हीपण ओढा. टाच वर, गुडघा खाली दाबा." दोघांनी एकदम ओढायचं. यंत्राच्या जोरावर पाय उचलला गेला आणि आजी नुसत्या बघत राहिल्या, तर मेंदूला विसरलेलं काम आठवत नाही. आज शेवटच्या काही वेळा मी आजींना न सांगता करंट बंद ठेवते. टाच तरीही पलंगावरून सुटते. हे त्यांना सांगितल्यावर त्या पुन्हा एकदा पाय उचलतात, सुनेला दाखवायला.

सकाळी ११.१५

एक तरुण मुलगी. कांडी मशीनवर काम करते. परवा सकाळी चूळ भरताना पाणी तोंडाच्या एका बाजूने सांडलं, तेव्हा लक्षात आलं की चेहरा वाकडा झालाय. आई रडवेली आहे. कुणीतरी सांगितलंय की लगेच करंट सुरू केला नाही तर तोंड तसंच राहील.

मी मुलीला कपाळाला आठ्या घालायला सांगते. एका बाजूला आठी पडतच नाही. डोळा मिटत नाही. हातपाय, बोलणं, चालणं, सगळं नीट. मेंदूतल्या झटक्यात चेहरा वाकडा होतो तेव्हा सहसा कपाळ वाचतं. इथे कपाळही गेलं आहे, त्यामुळे चेहऱ्याची सातवी नसच सुजल्याची, म्हणजे बेल्स पाल्सीची शक्यता जास्त. पण निदानावर शिक्का डॉक्टरांचा हवा आणि घाई करंटची नाही, औषधाची आहे. स्टेरॉइडच्या गोळ्या पहिल्या ७२ तासांत सुरू झाल्या तर नस पूर्ण सुधारण्याची शक्यता वाढते. मुलगी त्या वेळेच्या आत आहे. मी चिठ्ठी लिहिते, ओळखीच्या फिजिशियनना फोन करते आणि दोघींना रिक्षात बसवते.

"मग मशीन कधी लावायचं?" आई जाता जाता विचारते. बेल्स पाल्सीत विजेच्या उत्तेजनेने चेहरा लवकर सुधारतो याला भरवशाचा पुरावा नाही, आणि उपचार न घेताही बहुतेकांचा चेहरा काही आठवडे ते काही महिन्यांत सुधारतो. म्हणून मी त्यांना पहिलं काम डोळ्याचं सांगते. दिवसा थेंब, रात्री मलम आणि पट्टी, बाहेर पडताना चष्मा. उघडा राहिलेला डोळा कोरडा पडून बुबुळाला इजा होऊ शकते, आणि ती चेहऱ्याच्या वाकडेपणापेक्षा मोठी हानी आहे. व्यायाम आरशासमोर, हलक्या हाताने, जोर न लावता. आईला हे थोडं वाटतं. मशीन लावलं असतं तर तिला समाधान मिळालं असतं आणि मला फी. पण त्या वीस मिनिटांत औषधाची वेळ सरकत राहिली असती.

दुपारी १२.४५

पेशंट ओसरले की इंटर्न मुलगी प्रश्नांची वही उघडते. अभ्यासक्रमाचा शेवटचा टप्पा हा असा प्रत्यक्ष कामाचा. आजचा प्रश्न, "मुंग्या आणल्या की दुखणं कमी का होतं?"

तिला सांगते, आधी माणसांनी अनुभव घेतला, कारण फार नंतर कळलं. पहिल्या शतकात रोममधल्या स्क्रिबोनियस लार्गस या वैद्याने पायाच्या संधिवातावर उपाय लिहून ठेवला. समुद्रकिनारी जिवंत विद्युतमाशावर पाय ठेवायचा आणि गुडघ्यापर्यंत बधिर होईतो उभं राहायचं. एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये ड्युशेन यांनी त्वचेवरून एकेका स्नायूला करंट देऊन तो कुठे चेततो याचे बिंदू शोधले. आजींच्या मांडीवर आपण पॅड लावतो ते त्या शोधाच्या आधारावर.

वेदनेचं कोडं उलगडायला १९६५ उजाडावं लागलं. रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी 'सायन्स' नियतकालिकात गेट कंट्रोल सिद्धांत मांडला. स्पर्शाचे संदेश जाड, वेगवान तंतूंमधून येतात. वेदनेचे संदेश बारीक, संथ तंतूंमधून. मज्जारज्जूत शिरताना दोन्हींची गाठ पडते, आणि स्पर्शाचे संदेश भरपूर आले की वेदनेचे संदेश पुढे जाण्याचं दार अर्धवट लोटलं जातं. ठेच लागल्यावर आपण बोट चोळतो ते याचमुळे. दोनच वर्षांनी वॉल आणि न्यूरोसर्जन विल्यम स्वीट यांनी चेहऱ्याची नस विजेने उत्तेजित करण्याचा प्रयोग आधी स्वतःवर केला, आणि पेशंटना नस उत्तेजित करून तात्पुरता आराम मिळतो हे १९६७ मध्ये प्रसिद्ध केलं. टेन्सची छोटी यंत्रं या वाटेनेच आली.

"मग फ्रिक्वेन्सी वेगवेगळी का?" ती विचारते. ८० ते १०० हर्ट्झच्या आसपास फक्त मुंग्या येतात आणि आराम लवकर मिळतो. २ ते ४ हर्ट्झला स्नायू ठक ठक उडतो. त्यात शरीराची स्वतःची वेदनाशामक रसायनं, एंडॉर्फिन, कामाला लागतात, म्हणून आराम हळूहळू येतो आणि थोडा जास्त टिकतो. रोज एकसारखाच करंट दिला तर काही दिवसांत शरीराला सवय होते. म्हणून मात्रा बदलत राहायची. ती वहीत लिहून घेते आणि मग टेन्सचे पॅड स्वतःच्या हाताला लावून दोन्ही प्रकार घेऊन बघते. पुस्तकात वाचलेलं अंगावर समजतं तेव्हा तिचा हात पेशंटवर जास्त जपून पडेल.

दुपारी ३.३०

घरी जाऊन बघायचे पेशंट. खाली माग, वर बिऱ्हाड, जिना अरुंद. अर्धांगाचा झटका येऊन गेलेले काका खुर्चीत वाट बघत बसलेत. चालतात, पण उजवं पाऊल लोंबतं. पुढचा चवडा फरशीवर घासतो, म्हणून ते मांडी बाजूने फिरवून पाय टाकतात आणि दमून जातात.

पाऊल वर उचलणाऱ्या स्नायूंची नस गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूला, हाडाच्या गाठीला वळसा घालून अगदी त्वचेजवळून जाते. पॅड तिथे. चपलेत टाचेखाली एक बटण. टाच जमिनीवरून उचलली की बटण सुटतं, करंट सुरू होतो आणि पाऊल वर येतं. टाच टेकली की करंट थांबतो. व्लादिमिर लिबरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत १९६१ मध्ये हेच करून दाखवलं. मज्जासंस्थेला दुखापत झालेल्या माणसाला विजेच्या साहाय्याने रोजचं काम करता यावं, या विचाराची ती सुरुवात होती.

काका पट्टा बांधून खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जातात. चवडा घासत नाही. मुलगा भिंतीला टेकून बघतो आणि विचारतो, "हे घालून कायम चालायचं?" काहींना कायम लागतं, काहींना सरावाने कमी लागतं. म्हणून मी आधी पट्ट्यासह चालवते, मग पट्टा काढून लगेच तीच वाट पुन्हा चालवते. मेंदूला ताजी आठवण असतानाच त्याच्याकडून काम मागायचं. जाण्याआधी जिना, मोरी आणि पलंगाची उंची बघते. पाऊल उचललं तरी मोरीचा ओला उंबरा तिथेच असतो, आणि तिथे धरायला दांडी हवी, हे मुलाला आजच करायला सांगते.

संध्याकाळी ५.३०

मधुमेहाच्या एक काकू. तळपाय जळतात, रात्री झोप नाही. लेकाने ऑनलाइन मागवलेलं पायाचं मशीन पिशवीतून आणलंय. त्याची माया खरी आहे, म्हणून मी ते बाजूला सारत नाही. आधी पाय तपासते. बारीक नायलॉनचा तंतू तळव्याला टेकवते, तो वाकेपर्यंत दाबते. काकूंचे डोळे मिटलेले. "सांगा, कुठे लागलं?" अंगठ्याखाली कळत नाही. टाचेलाही कळत नाही. पाय जळतो आणि त्याच पायाला स्पर्श समजत नाही, मधुमेहात नसा खराब होतात तेव्हा हे दोन्ही एकत्र असू शकतं. अशा तळव्याला पॅड चिकटवून मशीन वाढवत नेलं तर फोड आल्यावरच कळेल, आणि त्या पायाची जखम भरायला महिने लागतात. लेकाला मी हे काकूंसमोरच करून दाखवते. मशीन तळव्याला नको. त्याऐवजी रोज पाय बघायचे, अनवाणी चालायचं नाही, साखर ताब्यात ठेवायची आणि जळजळीच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांशी बोलायचं.

वीज आणि जखम यांचं नातं मात्र जुनं आहे. बर्लिनमधल्या एमिल द्यु बुआ-रेमों यांनी १८४३ साली कापलेल्या बोटातून वाहणारा अगदी क्षीण विद्युतप्रवाह मोजला. त्वचा फाटली की शरीर स्वतःच असा प्रवाह निर्माण करतं आणि तो पेशींना जखमेच्या दिशेने जायला मदत करतो. या आधारावर न भरणाऱ्या जखमांना आणि दीर्घकाळ पडून राहिल्यामुळे झालेल्या बेडसोरला बाहेरून सौम्य करंट देण्याचे प्रयोग झाले, काहींत चांगला फायदा दिसला. पण जखम साफ नसेल, तिच्यावरचा दाब काढलेला नसेल आणि साखर चढलेली असेल, तर कुठलाही करंट ती भरू शकत नाही.

संध्याकाळी ६.४५

आता गर्दी. पाळी बदलते आणि दवाखाना भरतो. वहिफणी करणारा तरुण, दिवसभर मान खाली घालून एकेक धागा ओवणारा. त्याच्या मानेच्या मागे आणि खांद्यावर टेन्स, पण मानेच्या पुढच्या भागावर कधीही नाही, कारण तिथे रक्तदाब आणि श्वास सांभाळणाऱ्या नसा आहेत. एक गरोदर ताई कंबर दुखते म्हणून आल्या आहेत. त्यांच्या पोटाला किंवा कंबरेला करंट नाही. कुशीवर झोपायची पद्धत, उशी, ओटीपोटाला आधार देणारा पट्टा आणि हलके व्यायाम.

एका मुलाची पाठ महिनाभर दुखतेय. दुसरीकडे करंट घेऊन झाला, गुण नाही. विचारल्यावर कळतं, संध्याकाळी कणकण असते, पँट सैल झाली आहे, रात्री दुखण्याने जाग येते. मणक्यावर हलकं ठोकलं तरी तो दचकतो. याला मी पलंगावर झोपवतच नाही. मणक्याचा क्षय असू शकतो आणि त्यावर करंटने मिळालेला आराम निदानाचे आठवडे खाऊन टाकतो. एक्स-रे, रक्त, एमआरआय आणि हाडांचे डॉक्टर, उद्याच. त्याच्या वडिलांना फोन करून हे पुन्हा सांगते, कारण रोजंदारीवरचा माणूस 'उद्या' पुढे ढकलतो.

रात्री ८.३०

शेवटी त्यांची फाइल उघडते, ज्यांना आज मशीन शेवटचं. खांदा जखडलेल्या एक बाई आता डोक्यावरून पदर घेऊ शकतात. त्या म्हणतात, "अजून चार दिवस लावा की, बरं वाटतंय." त्यांना सांगते, आता बरं वाटतंय ते हात फिरल्यामुळे, आणि हात फिरवायला मशीन लागत नाही. भिंतीवर बोटं चढवत न्यायची, काठी धरून हात वर न्यायचा, सकाळ-संध्याकाळ. पंधरवड्याने येऊन दाखवायचं. मीटरवर मजुरी मिळणाऱ्या घरातून दर बैठकीचे पैसे निघतात तेव्हा न लागणारी एकही बैठक देऊ नये, असं मला मनापासून वाटतं. म्हणून आधीच दहा दिवसांचे पैसे भरून घेणं मी करत नाही. गरज रोज तपासायची आणि संपली की सांगायचं.

करंटच्या पलंगावर झोपणाऱ्या प्रत्येकाने तीन गोष्टी हक्काने मागाव्यात. पॅड लावण्याआधी स्पर्श तपासून घ्या आणि स्वतःचे सगळे आजार सांगा. हा करंट कशासाठी, दुखणं दाबायला की स्नायू जागा करायला, ते विचारा. आणि पॅड निघाल्यावर कोणती हालचाल करायची हे शिकल्याशिवाय उठू नका. हे सांगायला ज्या दवाखान्यात वेळ नाही, तिथलं यंत्र कितीही महागडं असलं तरी ते तुमच्या उपयोगाचं नाही.